भोंगाबाईंच्या वर्गाचे पाच कोपरे

दुसरीच्या बाईंना सगळी शाळा भोंगाबाई म्हणायची. अर्थात तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. आवाजच तसा खणखणीत होता. त्यांच्या वर्गात ‘बे एके बे’ सुरू झालं की भिंतीपलीकडची तिसरीची मुलं आपला धडा सोडून ‘बे दुणे चार’ म्हणायला लागायची आणि तिसरीचे सर कपाळाला हात लावून बसायचे. शाळेसमोरच्या न्हाव्याचं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं, पण त्याचं काही अडत नव्हतं. बाईंची कविता सुरू झाली की दुकान झाडायचं, पाढे सुरू झाले की जेवायला जायचं. मुख्याध्यापकांनी तर मैदानासाठी लाउडस्पीकर घ्यायचा विचारच सोडून दिला होता. काही सूचना द्यायची असली की ते नुसते बाईंकडे बघायचे. बाई घसा खाकरायच्या, आणि गेटपाशी झोपलेली मांजर उठून दुसरीकडे निघून जायची.

घरीही तेच. सासूबाईंचे कान वयामुळे गेले होते. कानातलं यंत्र आणून दिलं होतं, पण त्या ते टेबलाच्या खणात ठेवायच्या. म्हणायच्या, त्यात कुणीतरी सारखं कागद चुरगाळत बसलेलं असतं. साऱ्या जगात त्यांना स्वच्छ ऐकू यायचा तो एकट्या सुनेचा आवाज. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, चष्म्याचं दुकान चालवायचा. तो इतका हळू बोलायचा की गिऱ्हाइकं काउंटरवर ओणवी होऊन ऐकायची. घरात तो काही बोलला की सासूबाई सुनेकडे वळायच्या, “काय म्हणतोय गं हा?” मग बाई तेच वाक्य स्वयंपाकघरातून भिरकावायच्या आणि संसाराचा गाडा पुढे सरकायचा.

असा हा आवाज एका सोमवारी गेला.

त्याआधी शाळेत शर्यती होत्या. बाईंनी दिवसभर मैदानात उभं राहून धावणाऱ्यांना, पडणाऱ्यांना आणि उगाच मध्ये घुसणाऱ्या पालकांना हाका मारल्या होत्या. सोमवारी त्या वर्गात आल्या, ‘उभे राहा’ म्हणायला तोंड उघडलं, आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं नुसतं ‘फुस्स’ झालं. मुलांना वाटलं बाईंनी नवीन खेळ काढलाय. तीस तोंडांनी उलट ‘फुस्स’ केलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून बघितलं. “स्वरयंत्रावर गाठी आल्यात,” त्या म्हणाल्या. “बारीक आहेत, घाबरू नका. पण दीड महिना तोंडातून एक शब्द काढायचा नाही.”

बाईंनी कुजबुजून काही विचारायला ओठ हलवले.

“तेही नाही! कुजबुजण्यानं घशाला जास्तच ताण पडतो. मूग गिळून गप्प बसायचं म्हणतात ना, तस्सं. औषध म्हणून मूगच गिळलेत असं समजा.”

बाईंनी कागदावर लिहिलं, ‘अहो, मी शिक्षिका आहे.’

“म्हणून तर गाठी आल्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रजा घ्यायची तर बदली शिक्षक कुठून आणायचा? मुख्याध्यापकांनी हात वर केले. आणि घरी बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात हजर झाल्या. फळ्यावर लिहून शिकवायचं ठरवलं होतं. पण फळ्यावर लिहायचं म्हणजे मुलांकडे पाठ करायची, आणि दुसरीच्या मुलांकडे पाठ करायची म्हणजे दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारायला जायचं. एक ओळ लिहून वळल्या तर दोघं बाकाखाली, एकजण खिडकीत, आणि मागच्या कोपऱ्यात कुणाचा तरी बूट कुणाच्या तरी डब्यात. बाईंनी डस्टर आपटलं. मुलांनीही आपापले डबे आपटले. आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आले, त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि परत गेले; ते वळणापाशी पोचायच्या आत वर्ग पुन्हा उतू गेला. दोन-तीन दिवस हेच चाललं. बाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं, पण डॉक्टरीणबाईंनी हुंदक्यांवरही बंदी घातली होती.

घरी तर निराळंच नाटक. मुलानं आईला समजावून सांगितलं होतं, “आई, तिच्या घशात गाठी आल्यात.”

“पाठी आलेत? कोण पाठी आलंय?”

“गाठी! घशात!”

“घरात? घरात कोण आलंय?”

जन्मात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसानं शेवटी हात टेकले. सासूबाईंनी आपल्यापुरता अर्थ लावला: सून बोलत नाही म्हणजे सुनेनं अबोला धरलाय. आपलं काय चुकलं ते त्या दिवसभर आठवत बसल्या आणि दोन-चार गोष्टी आठवल्याही. मग मानी बाई ती, म्हणाली, तू बोलत नाहीस तर मीही बोलत नाही. ज्या घरात भिंतींनाही विसावा नव्हता तिथे चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

घरातली ती शांतता नको म्हणून शनिवारी बाई नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. दुकानात गर्दी होती. एकजण आरशासमोर चष्म्यामागून चष्मे चढवून स्वतःला निरखत होता. एक आजोबा भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं पुटपुटत होते. दोघी बहिणी काचा पुसायच्या फडक्यांचे रंग बघत होत्या. एक लहान मुलगी चष्म्याच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचत होती. आणि बाईंचा नवरा? तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी नीट बसते का ते बघत होता, त्याच्याशी, आणि फक्त त्याच्याशीच, आपल्या त्या हळू आवाजात बोलत होता. दुकानात एकही माणूस रिकामा नव्हता, आणि एकालाही ओरडून काही सांगावं लागत नव्हतं.

बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं या दुकानात त्या यायच्या ते नवऱ्याला जेवायला हाक मारायला. दुकान असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाच्या हाताला काम द्यायचं, आणि एका वेळी एकाशी बोलायचं. बस्स! त्या ताडकन उठल्या आणि नवऱ्याच्या हातातला पेचकस काढून घेऊन त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की गिऱ्हाइकाचा चष्मा नाकावर घसरला.

“काय झालं?” तो म्हणाला.

बाईंनी दोन्ही हातांनी हवेत कपाट ढकलल्याची खूण केली. त्याला काही कळलं नाही, पण बायको बऱ्याच दिवसांनी हसतेय एवढं दिसलं. तो म्हणाला, “बरं.”

त्याच दुपारी बाईंनी शाळा उघडायला लावली. शाळेतल्या शिपाईमावशी किल्ल्या घेऊन आल्या. पाटीवर खडूनं लिहून बाईंनी त्यांना बेत सांगितला: बाकांच्या रांगा मोडायच्या, वर्गात पाच कोपरे करायचे, मुलांचे पाच गट पाडायचे, आणि गटांनी पाळीपाळीनं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचं.

मावशींनी पाटी वाचली, मग खोलीभर नजर फिरवली. “बाई, आवाज गेला ते समजलं. पण खोलीला कोपरे चार असतात. पाचवा काय बाजारातून आणणार?”

बाईंनी भिंतीला टेकून उभं असलेलं मोठं कपाट दाखवलं. दोघींनी मिळून ते आडवं फिरवलं. कपाटाच्या मागे छान आडोसा तयार झाला.

“निघाला की पाचवा,” मावशी कंबर धरून म्हणाल्या. “माझी कंबर मात्र गेली.”

वाचनाला चटई आणि गोष्टींची पुस्तकं. हिशेबाला दुकान: एक तराजू, बटणं, बाटल्यांची झाकणं, वस्तूंवर चिकटवलेल्या किमती. मोजमापाला पाण्याची परात, लहानमोठे पेले आणि नळकांडी. लिहायला पाट्या आणि खडू. आणि पाचवं बाईंचं टेबल, जिथे एकेकानं येऊन वाचून दाखवायचं. बोलायला येत नसलं तरी ऐकायला तर येत होतं! गटांना नावं दिली: मासे, मुंग्या, खारी, बगळे, कासवं. चष्म्याच्या खोक्याचं झाकण गोल कापून त्याचं चक्र केलं, त्यावर प्रत्येक गटाचं चित्र, भोवती कोपऱ्यांची चित्रं. चक्र एक घर फिरवलं की कुणी कुठे जायचं ते दिसायचं. रविवारी रात्री बाईंना आनंदानं झोप आली नाही.

सोमवारी फजिती झाली.

सरकायची खूण म्हणून बाईंनी घंटा आणली होती. पहिल्यांदा घंटा वाजताच मुलांनी दप्तरं उचलली आणि ‘शाळा सुटली’ म्हणत थेट गेट गाठलं. मावशींनी सगळा कळप हाकून परत आणला. मग चक्र फिरलं तेव्हा निम्मे गट या बाजूनं निघाले, निम्मे त्या बाजूनं, आणि खारी नि कासवं मधोमध एकमेकांवर आदळली. पाण्याची परात वाचनाच्या चटईला लागून होती, त्यामुळे गोष्टीतला सिंह पान सोडून पोहायला निघाला. दुकान बाईंच्या टेबलाशेजारी होतं, आणि दुकानदार झालेला मुलगा घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकावर असा ओरडत होता की टेबलापाशी वाचणाऱ्या मुलीचे नुसते ओठ हलताना दिसत होते. आणि दर मिनिटाला कुणीतरी बाईंची बाही ओढत होतं. “बाई, खडू मोडला.” “बाई, हा मला झाकण देत नाही.” “बाई, आता काय करू?”

शाळा सुटल्यावर मावशी ओली पुस्तकं दोरीवर चिमट्यांनी टांगत म्हणाल्या, “पूर्वी तुम्ही ओरडायचात ते बरं होतं असं मी म्हणत नाही. पण पुस्तकं कोरडी असायची.”

बाई खुर्चीत बसून खोलीकडे बघत राहिल्या. हिरमुसल्या नव्हत्या. घरात नवी सून आल्यावर कुणाची उशी कुठे आणि कुणाचा टॉवेल कुठे हे लागायला दिवस जातातच, तसं त्यांना वाटलं. त्या उठल्या आणि पुन्हा ढकलाढकली सुरू केली. पाणी दारापाशी, नळाजवळ. दुकान त्याच्या शेजारी, म्हणजे गोंगाट गोंगाटापाशी. वाचन खिडकीतल्या उजेडात, बाईंचं टेबल त्याला लागून, आणि लिहिणं कपाटामागच्या आडोशाला. जमिनीवर खडूनं मोठमोठे बाण काढले, सगळे एकाच दिशेचे. घंटेऐवजी एक खुळखुळा आणला. आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘आधी तीन मित्रांना विचारा. मग बाईंना.’

दुसऱ्या दिवशी मोडलेला खडू बाईंपर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी खुळखुळा वाजला तेव्हा मुंग्या खरोखर मुंग्यांसारख्या रांगेनं बाणावरून चालत गेल्या, आणि जाताना दुकानातली बटणं डब्यात परत टाकून गेल्या. त्या आठवड्यात मुख्याध्यापक पुन्हा एकदा धावत आले. या वेळी दुसरीतून आरडाओरडा ऐकू येत नव्हता म्हणून घाबरून! दारात उभे राहून बघतात तो काय, सगळा वर्ग कामात बुडालेला. ते हळूच दुकानात शिरले. तिथल्या दुकानदारणीनं त्यांना चार बटणं विकली आणि सुटे पैसे नाहीत म्हणून बाकीची रक्कम परत द्यायला साफ नकार दिला.

“हिशेब पक्का आहे हिचा,” जाता जाता मुख्याध्यापक म्हणाले. “जरा जास्तच पक्का आहे.”

पण खरी गोष्ट घडत होती ती बाईंच्या टेबलापाशी. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पुढारीण म्हणायचे. कविता म्हणताना सगळ्यात मोठा आवाज हिचा, धडा म्हणताना सगळ्यात पुढे ही. बाई तिच्याकडे बघून मनात म्हणायच्या, ही माझीच धाकटी आवृत्ती. ती टेबलापाशी आली, पुस्तक उघडलं आणि घडाघडा म्हणायला लागली. बाई कौतुकानं ऐकत होत्या. मग त्यांचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंडातून निघत होता बदकाचा धडा, आणि बोट फिरत होतं उंटाच्या पानावर.

बाईंनी हळूच पान उलटलं. बदकाचा धडा चालूच राहिला. बाईंनी पुस्तकावर हात ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं: ‘घर’. पुढारीण थांबली. तिनं शब्दाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बाईंच्या आता लक्षात आलं. सगळे मिळून म्हणत होते तेव्हा हिचा आवाज तीसजणांत घुमत होता, आणि त्या घुमण्यातच तिचं न येणं लपलं होतं. बाईंच्या स्वतःच्या आवाजाखाली तर आख्खा वर्ग लपला असता.

“बाई,” पुढारीण इकडेतिकडे बघून अगदी हळू म्हणाली, “कुणाला सांगू नका ना.”

बाईंना सांगता येणार तरी कसं होतं? त्यांनी आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग ओठांना कुलूप लावून किल्ली खिडकीबाहेर फेकल्याची खूण केली. पुढारीण रडता रडता फिसकन हसली. आणि त्या दिवसापासून तिचा धडा सुरू झाला, एका एका अक्षरापासून.

बाकी सगळे कोपरे रुळले, एक मात्र रुळेना: लिहायचा. कपाटामागे गेलं की मुलं मरगळायची. खडू फुंकायची, पाटीवर स्वतःच्या हाताचा ठसा गिरवायची, जांभया द्यायची. ‘माझी शाळा’वर चार ओळी लिही म्हटलं तर प्रत्येकाची शाळा ‘छान आहे’वर संपायची. कुणाला सांगायचंय म्हणून लिहायचं हेच त्या कोपऱ्यात नव्हतं. बाईंना ते टोचत होतं, पण उपाय सुचत नव्हता.

उपाय एका सकाळी आपल्या पायांनी चालत आला.

अबोला धरून सासूबाई कंटाळल्या होत्या. सून रोज सकाळी गालातल्या गालात हसत घराबाहेर पडते हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बाहेर हिचं तोंड चालतंय आणि फक्त घरात कुलूप! याचा छडा लावायचाच, असं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या, काठी घेतली आणि शाळेची वाट धरली. दुसरीच्या दारात येऊन बघतात तर सूनबाई टेबलापाशी एका मुलीशेजारी वाकून बसलेली, आणि मुलं आपापल्या उद्योगात. कुणाचं यांच्याकडे लक्षच नाही. पाय दुखत होते म्हणून त्या कपाटामागे रिकामं स्टूल दिसलं त्यावर जाऊन बसल्या.

तिथे बगळे जांभया देत होते. एका मुलानं विचारलं, “तुम्ही कोण?”

सासूबाईंनी कानाला हात लावला.

“तुम्ही कोण?” सगळे बगळे ओरडले. सासूबाईंनी मान हलवली. मग त्या मुलानं वैतागून पाटी उचलली आणि भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘तुमी कोण’.

सासूबाईंनी चष्मा सावरून वाचलं. “मी तुमच्या बाईंची सासू!” त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. पाण्याच्या परातीपाशी एकाच्या हातातून पेला पडला. टेबलापाशी बाईंनी दचकून वर पाहिलं.

मुलानं लिहिलं: ‘सासू मंजे काय’.

आता हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी खडू मागून घेतला आणि लिहिलं: ‘बाईंच्या नवऱ्याची आई.’

बगळ्यांनी डोक्याला डोकं लावून वाचलं. थोडी खलबतं झाली. मग उत्तर आलं: ‘बाई तुमाला घबरतात का’.

सासूबाई खो खो हसल्या, डोळे पुसले आणि सुनेकडे वळून विचारलं, “काय गं, घाबरतेस का मला?”

बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द काढला नाही. गळ्यावर हात ठेवून नुसती मान हलवली. पलीकडून पुढारीण धावत आली, तिनं सासूबाईंच्या हातातली पाटी घेतली, आणि तिला लिहिता येत नव्हतं म्हणून चित्र काढलं: एक मोठी बाई, तिच्या गळ्यात तीन गोळे, आणि तोंडावर फुली.

सासूबाईंनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन चित्र बघितलं. “गाठी!” त्या एकदम म्हणाल्या. “घशात गाठी! अगं बाई, म्हणजे तू आजारी आहेस होय? आणि मी मेली इतके दिवस तुझ्यावर रुसून बसलेय!”

वर्गाला काय झालं ते नीट कळलं नाही, पण बाई आणि त्यांची सासू एकमेकींचे हात धरून हसतायत नि रडतायत हे बघून मासे, मुंग्या, खारी, बगळे, कासवं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सासूबाई रोज यायला लागल्या. कपाटामागच्या आडोशाला आजींचा कोपरा असं नाव पडलं, आणि त्याचा नियम एकच: आजींना ऐकू येत नाही, तेव्हा जे काय सांगायचं ते लिहून. ज्या कोपऱ्यात मुलं जांभया देत होती तिथे जायला आता भांडणं व्हायला लागली. आणि आजी काही सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘मी पणी पिलो’ असं कुणी लिहिलं की त्या खाली लिहायच्या, ‘पणी कसली? चवीला कशी लागते?’ मग हसून हसून काना दिला जायचा. एकानं विचारलं, ‘आजी तुमचे दत कुठे गेले’. आजींनी लिहिलं, ‘दत इथे कधी नव्हताच. दात पेल्यात आहेत, घरी.’ त्या वर्गात ‘दात’ हा शब्द पुन्हा कुणी चुकवला नाही.

पुढारीण मात्र त्या कोपऱ्यात गप्प बसायची. तिला आजींना काहीतरी विचारायचं होतं, आणि आपली पुढारकी सोडून दुसऱ्याकडून लिहून घेणं तिला मंजूर नव्हतं. ती टेबलापाशी यायची आणि बाईंना म्हणायची, “आज मला ‘शे’ द्या.” बाई ‘शे’ लिहून द्यायच्या. “आज ‘बसू’ पाहिजे.” बाई ‘ब’ दाखवायच्या, ‘सू’ तिलाच शोधायला लावायच्या. तिला काय लिहायचंय ते बाईंना हळूहळू कळत गेलं, पण त्यांनी पुढचं अक्षर कधी आपणहून दिलं नाही. तिनं मागितल्यावरच दिलं.

एके दिवशी बाई एका मुलाचं वाचन ऐकत असताना त्यांना कपाटाच्या फटीतून दिसलं: पुढारीण जीभ बाहेर काढून लिहितेय. तिनं पाटी आजींपुढे धरली. ‘आजी मी तुमच्या शेजारी बसू का.’ आजींनी वाचलं, खडू घेतला, उत्तर लिहिलं आणि पाटी परत दिली. पुढारिणीनं पाटी मांडीवर ठेवली. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. ओठ हलले. बोट पुढे सरकलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. शेजारचा मुलगा सांगायला तोंड उघडत होता, त्याला तिनं कोपर मारलं. टेबलापाशीचा मुलगा वाचायचा थांबला होता, आणि ते बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि मग पुढारीण हसली. खळखळून, पोट धरून.

आजींनी लिहिलं होतं: ‘बस. पण टेकू नकोस, माझं एक हाड आधीच सुटं आहे.’

पाठ करून कविता म्हणता येते, धडा म्हणता येतो. पण पाटीवरच्या विनोदाला नेमक्या जागी हसू येतं ते वाचल्याशिवाय येत नाही. बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि जरा वेळ न्हाव्याच्या दुकानाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या क्षणी ओरडायला मिळालं असतं तर त्यांनी सगळं गाव गोळा केलं असतं. ते जमत नव्हतं, म्हणून त्यांनी खुळखुळा घेतला आणि तो इतका जोरात वाजवला की सगळे गट वेळेआधीच सरकले.

दीड महिना सरला. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला आणि म्हणाल्या, “गेल्या गाठी. बोला, पण बेतानं.” बाई बोलल्या. जो आवाज निघाला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही: जरा घोगरा, जरा मऊ, पावलांनी धूळ न उडवता चालणारा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात “मुलांनो” म्हटलं, तर वाचनाच्या चटईवरची एक खार ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “शू, बाई! आम्ही वाचतोय.” बाईंनी मान डोलावली आणि मुकाट आपल्या टेबलापाशी जाऊन बसल्या. भोंगा पुन्हा वाजवायची गरज त्यांना पडलीच नाही. मुख्याध्यापकांना शेवटी लाउडस्पीकर घ्यावा लागला, आणि न्हाव्यानं घड्याळात नवे सेल घातले.

गंमत झाली ती घरी. सुनेचा हा नवा आवाज सासूबाईंना ऐकू येईना. म्हणून जेवणाच्या टेबलावर एक पाटी येऊन बसली. सासू-सुना तिच्यावर लिहून बोलायच्या, एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि मुलगा जवळ आला की एकीनं हातानं पाटी पुसायची. “माझ्याबद्दल काय लिहिलंत?” तो विचारायचा. दोघी नुसत्या हसायच्या. मग त्या बिचाऱ्यानं नाइलाजानं मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली. “आई, मीठ दे!” असं त्यानं पहिल्यांदा ओरडून म्हटलं तेव्हा शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली होती.

वर्ष बदललं. मुलं तिसरीत गेली, बाईंच्या वर्गात नवी मुलं आली, नवे मासे, नव्या मुंग्या. आजींचा कोपरा चालूच राहिला. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा तिसरीचे सर दुसरीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला.

“बाई, तुमच्या मुलांचं काय करू सांगा.”

“का? दंगा करतात?” बाईंनी आपल्या नव्या आवाजात विचारलं.

“दंगा परवडला! दंगा करत नाहीत, सरकतात. रांगेत बसवतो, शिकवायला लागतो, थोडा वेळ झाला की सगळी उठतात आणि घड्याळाच्या काट्यांसारखी एक एक बाक पुढे सरकतात. पहिल्या बाकावरची शेवटी जातात, दुसऱ्या बाकावरची माझ्या अंगावर येतात. काल त्या पुढारिणीनं मला खुर्चीवरून उठवलं. म्हणाली, सर, आता तुमची पाळी बाकावर.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“बसलो बाकावर. तिनं खुर्चीत बसून धडा वाचला. एकही चूक नाही हो!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “शनिवारी मोकळ्या आहात का? माझ्या वर्गातलंही कपाट फिरवून बघावं म्हणतो.”

शनिवारी सर, बाई आणि शिपाईमावशी अशा तिघांनी मिळून तिसरीचं कपाट ढकललं. ते इतकी वर्षं हललं नव्हतं. त्याच्या मागे सतराशे साठ पेन्सिली निघाल्या, एक चेंडू निघाला, सरांची हरवलेली छत्री निघाली, आणि झाकण घट्ट बसलेला एक खाऊचा डबा निघाला.

“उघडू नका!” मावशी ओरडल्या.

पण सरांनी उघडला, आणि तिघंही हसत, नाक धरून, मैदानात पळाली.